तुरुंगातली गर्दी बाहेर तयार होते

कारागृहाच्या मुख्य दरवाजातून आत गेलं की भिंतीवर एक काळा फळा दिसतो. त्यावर दोन आकडे असतात : मंजूर क्षमता आणि आजची बंदीसंख्या. पहिला आकडा ऑइलपेंटने रंगवलेला असतो, कारण तो वर्षानुवर्षं बदलत नाही. दुसरा खडूने लिहितात, कारण तो रोज पुसावा लागतो. जळगाव जिल्हा कारागृहाची मंजूर क्षमता २०० आहे. प्रत्यक्षात तिथे त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं असल्याच्या बातम्या आपण कित्येक वर्षं वाचत आलो आहोत.

देशाचं चित्र पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आणि त्या बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही. शिक्षा झालेला एकूण एक माणूस उद्या बाहेर काढला, तरी नुसत्या कच्च्या कैद्यांनी देशातली कारागृहं जवळपास काठोकाठ भरतील.

मी खान्देशात वकिली करतो आणि विधी सेवेच्या कामासाठी कारागृहांत जातो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना भेटायचं, त्यांची कैफियत ऐकायची, त्यांचे अर्ज लिहायचे, असं हे काम. पुढचे किस्से त्या कामातले आहेत. माणसांची नावं आणि कारागृह कोणतं, हे मुद्दाम सांगत नाही. सांगायचंय ते इतकंच की ही गर्दी तुरुंगात जन्माला येत नाही. ती न्यायालयाच्या व्हरांड्यात, तहसीलच्या खिडकीवर, पोलीस मुख्यालयाच्या ड्युटीच्या तक्त्यावर तयार होते. बराकीत ती फक्त दिसते.

झोपेचा नंबर

एक पोरगा माझ्याशी बोलताना सारखा पेंगत होता. वय विशीतलं, आरोप मोटारसायकल चोरीचा, गाव सातपुड्याच्या पायथ्याचं. आजारी आहेस का, असं विचारलं. तो म्हणाला, "नाही दादा, रात्री माझा नंबर दोननंतर लागतो."

नंबर आडवं व्हायचा. बराकीत सगळ्यांना एकाच वेळी पाठ टेकता येत नव्हती, म्हणून बंद्यांनी आपसात रात्र वाटून घेतली होती. अर्धे झोपत, बाकीचे भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसत. झोपायचं तेही कुशीवर. मध्येच एकाने कूस बदलली की शेजारच्याला बदलावी लागे आणि ते ओळीच्या टोकापर्यंत जाई. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीतल्या प्रत्येक बंद्यामागे ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. त्या पोराच्या वाट्याला त्याच्या अंगाएवढी जागा होती, आणि तीही अर्ध्या रात्रीपुरती.

नव्या बंद्याची जागा ठरलेली असते : संडासाजवळ. कोणी जुना सुटला की एक-एक जागा पुढे सरकायचं. संध्याकाळी टाळा लागतो तो सकाळीच उघडतो. मधल्या सगळ्या वेळात बराकीतला तोच संडास सगळ्यांचा. माझ्या ओळखीतले एक आबा, साठीच्या पुढचे शेतकरी, भावकीच्या भांडणात आत गेले होते. त्यांना मधुमेह. रात्री चार वेळा उठावं लागायचं आणि उठलं की दहा जणांच्या अंगावरून जावं लागायचं. शिव्या ऐकाव्या लागायच्या. मग त्यांनी दिवस मावळला की पाणी पिणंच सोडलं. महिना मे होता. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. जामीन अर्जात मी त्यांचं वय आणि मधुमेह लिहिला. पाणी का सोडलं, हे लिहायला अर्जात रकाना नव्हता. मी तरीही ते लिहिलं, आणि न्यायाधीशांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

खरूज हा कच्च्या कैद्यांचा नेहमीचा आजार. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, मांड्यांत खाज, आणि रात्री ती वाढते. औषध साधं आहे, स्वस्त आहे, कारागृहाच्या दवाखान्यात मिळतं. पण खरूज एकट्याची बरी होत नाही. जवळ झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं, त्याच दिवशी सगळ्यांच्या चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचे, तरच किडा मरतो. नियमावलीत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी सांगितलं आहे. हौदावर मोजून तांबे मिळत असतील तिथे चादरी कशा धुणार? एक डॉक्टर मला म्हणाले होते, "वकीलसाहेब, मी औषध लिहून देतो, पण माझा पेशंट रात्री पुन्हा त्याच अंथरुणात जातो." त्यांच्या आवाजात त्रागा होता आणि तो खरा होता.

चावी ज्याच्या हातात, तोही आतच

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिपायाचं काय, तो काठी घेऊन उभा. पण ज्या इमारतीत जागा दोनशेंची, तिथला कर्मचारी वर्गही दोनशेंच्या हिशोबाने मंजूर होतो. माणसं दुप्पट झाली म्हणून चावीवाला दुप्पट होत नाही. एका शिपायाने मला सांगितलं होतं, की रात्री बराकीत कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर त्याला एकट्याला टाळा उघडता येत नाही. वर कळवायचं, अधिकारी येणार, आणखी दोघे येणार, मग दार उघडणार. तोवर आतून भांडी वाजत राहतात. "ती वाजणारी भांडी मला सुट्टीतही ऐकू येतात," असं तो म्हणाला.

जुलै २०२० मध्ये जळगावच्या कारागृहातून तीन बंदी पळाले, तेव्हा राज्यभर बातमी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण भिंतीआड रोज दुपटीने माणसं झोपतात, याची बातमी होत नाही, कारण त्यात रोज नवं काही घडत नाही.

त्याच वर्षाने आपल्याला एक गोष्ट शिकवली. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात ७७ बंदी आणि २६ कर्मचाऱ्यांना कोरोना झाल्याचं एकाच वेळी उघड झालं. ८०४ जणांच्या त्या जागेत तेव्हा तिपटीहून अधिक माणसं होती. बंदी आणि शिपाई दोघांच्याही फुफ्फुसात तीच हवा जात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधल्या आदेशावरून राज्यात उच्चाधिकार समिती आधीच नेमलेली होती. आर्थर रोडनंतर सरकारने सुमारे १७,००० बंद्यांना तात्पुरतं सोडायचं ठरवलं. शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहंही उघडली. खान्देशात आम्ही वकील अर्ज लिहून लिहून थकलो, पण ते समाधानाचं थकणं होतं. ज्या कागदाला एरवी महिने लागत, तो दिवसांत निघत होता. बराकीत पाठ टेकायला जागा झाली. नव्या बराकी न बांधता, नुसत्या सह्यांनी गर्दी ओसरू शकते, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. साथ गेली आणि आकडे पुन्हा चढले.

जामीन झाला, सातबारा नाही

जामीन मंजूर झाला की घरचे पेढे आणतात. मी त्यांना आधी जामीनदाराचं विचारतो. न्यायालयाने अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असं लिहिलेलं असतं. जामीनदाराने आपली ऐपत दाखवायची असते : सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला. शहरातल्या माणसाला हे अवघड वाटत नाही. सातपुड्याच्या पाड्यावर यातल्या पहिल्याच कागदाशी गाडी अडते.

एका पावरा आदिवासी कुटुंबाचा प्रसंग सांगतो. मुलाला जामीन झाला, रक्कम पंधरा हजारांची. चुलता जामीनदार राहायला आला. घडी घातलेला कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून काढला. तो वनपट्टा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला, नवरा-बायको दोघांच्या नावांचा. चार एकर जमीन तो पिढ्यान् पिढ्या कसत आला होता. पण त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटलंय की ही जमीन वारसाने जाईल, विकता येणार नाही, हस्तांतर करता येणार नाही. आदिवासीची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून केलेली ती चांगली तरतूद आहे. पण जामिनाच्या टेबलावर विचारतात, आरोपी पळाला तर वसुली कशातून करायची? विकता न येणारी जमीन तिथे उपयोगाची ठरेना. चुलता म्हणाला, "साहेब, सगळ्या पाड्यात असाच कागद आहे."

दुसरा माणूस शोधायचा तर पाड्यावर माणसंच नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, बाकीचे रावेर-यावलकडे केळीच्या कामाला. मुकादमाची उचल घेतलेला माणूस एका दिवसाचा खाडा करून न्यायालयात कसा येणार? मुलाचा जामीन हिवाळ्यात झाला होता. तो जामिनावर सुटला तेव्हा गावात माणसं परत आली होती आणि उन्हाळा लागला होता. त्या सगळ्या महिन्यांत न्यायालयाच्या दृष्टीने तो बाहेर असायला हरकत नव्हती, आणि तो आत होता. फळ्यावरच्या खडूच्या आकड्यात तो रोज एक म्हणून मोजला गेला.

हे आजचं नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि गरिबाच्या खिशाला न झेपणारा जामीन हा जामीनच नव्हे, अशा अर्थाची भूमिका घेतली. शिरपूरहून सेंधवा नि रावेरहून बऱ्हाणपूर ही मध्य प्रदेशातली गावं तासाच्या अंतरावर आहेत. सीमेपलीकडचा मामा जामीनदार म्हणून उभा राहिला की आजही इथे टेबलावरचा चेहरा बदलतो.

श्रीमंतांनाही कागद अडवतो, पण किती वेळ, ते पाहा. २८ ऑक्टोबर २०२१ ला शाहरुख खान यांच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. अभिनेत्री जुही चावला स्वतः जामीनदार म्हणून न्यायालयात आल्या. तरीही संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आर्थर रोडच्या दारातली जामिनाच्या आदेशांची पेटी शेवटची उघडली गेली, तोवर कागद पोहोचला नाही म्हणून तो तरुण आणखी एक रात्र आत राहिला. देशभर चर्चा झाली. पुढे त्याच्यावर आरोपपत्रही दाखल झालं नाही. एका रात्रीची हळहळ सगळ्यांना वाटली, ती वाटायलाच हवी. पाड्यावरच्या पोराच्या अख्ख्या हिवाळ्याची हळहळ कोणाला वाटली?

सर्वोच्च न्यायालयाला हे ठाऊक आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवा, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला हवं. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. तरतुदी आहेत. त्या बंद्यापर्यंत पोहोचवायला कोणीतरी त्याच्यासमोर बसून त्याचा कागद वाचावा लागतो.

तारीख

न्यायालयाच्या व्हरांड्यात एक बाई दर तारखेला दिसायच्या. पारोळ्याकडच्या. हातात फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. एके दिवशी माझ्याजवळ आल्या नि विचारलं, "भाऊ, मन्हा आंडोर कथा शे?" मुलगा कुठे आहे, हे विचारत होत्या. त्या दिवशी पोलिसांची पार्टी मिळाली नव्हती. बंद्याला कारागृहातून न्यायालयात आणायला जे पोलीस लागतात त्यांना आमच्याकडे पार्टी म्हणतात. बंदोबस्त निघाला, सण आला, मंत्री आले की आधी पार्टी रद्द होते. तारीख पुढे जाते. साक्षीदार आलेला असला तरी परत जातो.

आता त्यावर उपाय म्हणून व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आली. पडद्यावर बंदी दिसतो, नाव विचारतात, पुढची तारीख देतात. पोलीस वाचतात, डिझेल वाचतं, हे खरं. पण त्या बाईंसाठी तारीख म्हणजे मुलाला जवळून बघायचा दिवस होता. बेड्या घातलेला का होईना, तो व्हरांड्यातून चालत यायचा आणि त्या त्याच्या अंगाकडे पाहून घ्यायच्या : खरूज वाढली का, वाळला का. वकिलालाही तिथेच अशिलाशी दोन शब्द बोलता यायचे. पडद्यावर ते दोन्ही होत नाही. त्या बाईंना मी व्हीसी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग त्यानी जेवन कसं करं, ते कोन सांगी?"

तारखांची लांबण काय असते, हे खान्देशाने एकदा अगदी वरच्या पातळीवर पाहिलं आहे. जळगाव घरकुल प्रकरणाची, म्हणजे घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराची, फिर्याद २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी दिली. माजी मंत्री सुरेशदादा जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवलं. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षं गेली. ज्यांच्या मागे देशातले नामांकित वकील उभे होते, त्यांनाही जामीन मिळायला साडेचार वर्षं लागली. आरोप खरे की खोटे हा वेगळा प्रश्न, तो न्यायालयाने ठरवला. पण त्या काळात जळगावातल्या दिवाणखान्यांत पहिल्यांदा कच्चा कैदी, जामीन, कारागृहातला दवाखाना हे शब्द ऐकू येऊ लागले. ज्यांच्यामागे कोणीच नाही त्यांच्या तारखा कशा पडत असतील, याचा अंदाज त्यावरून यावा.

"कबूल करून टाकतो"

सगळ्यांत जिव्हारी लागलेला किस्सा हा. मोबाइल चोरीच्या आरोपात एक मजूर आत होता. पुरावा कच्चा होता. पंच फिरणार हे दिसत होतं. मी त्याला म्हटलं, थोडा धीर धर, सुटशील. तो म्हणाला, "वकीलसाहेब, कबूल करून टाकतो. मी केली चोरी."

"केली होती का?"

"नाही."

त्याचा हिशोब सरळ होता. खटला संपेपर्यंत आणखी किती महिने, कोणी सांगू शकत नव्हतं. कबूल केलं तर न्यायालय आतापर्यंत आत काढलेले दिवस शिक्षेत धरतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४६८ मध्ये आहे. तेवढीच शिक्षा झाली की माणूस त्याच दिवशी मोकळा. घरी बायको एकटी, पोरगी आजारी, आणि बराकीत संडासाजवळची जागा. निर्दोष ठरायला वेळ लागणार होता, दोषी ठरायला एक दुपार पुरणार होती.

मी त्याला पुढचं समजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम ४७९ आहे. त्यात, ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं आहे, आणि तसा अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे. इतरांसाठी ही मुदत अर्धी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. आज कबूल केलंस तर कागदावर तू शिक्षा झालेला माणूस. उद्या पुन्हा कोणी संशयाने उचललं तर ही एक तृतीयांशाची सवलत गेली. शिवाय गावात चोरी झाली की पोलीस पहिलं तुझं दार वाजवणार.

त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आज संध्याकाळी घरी जाऊ शकतो की नाही?" मला हो म्हणावं लागलं. तो गेला. न केलेल्या चोरीचा शिक्का घेऊन गेला.

कलम ४७९ मध्ये आणखी एक गाठ आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सुटका मिळत नाही. मोटारसायकल चोरीत एका पोराकडून पाच गाड्या निघाल्या तर पाच पोलीस ठाण्यांत पाच गुन्हे नोंदले जातात. एकात जामीन झाला की दुसऱ्यात ताबा, दुसरा संपतो तोवर तिसरा. प्रत्येक गुन्हा छोटा, पण सगळे मिळून माणसाला बराकीत वर्षानुवर्षं ठेवतात. आरोपपत्राला ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते. ती उलटली तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, पण तो मागावा लागतो. आरोपपत्र येण्याआधी अर्ज गेला नाही तर हक्क संपतो. म्हणून आमच्यातले काही वकील भिंतीवरच्या कालनिर्णयवर अशिलांच्या तारखांना गोल करून ठेवतात. ज्याला वकीलच भेटलेला नाही, त्याच्या तारखेला गोल कोण करणार?

धुळ्याचे अठरा रविवार

धुळ्याच्या कारागृहाचं नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तिथे दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी तिथेच कैदेत होते. त्यांनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. कायदेभंगाच्या त्या वर्षांत देशातली कारागृहं सत्याग्रह्यांनी भरून वाहत होती.

मला या गोष्टीत एक वेगळीच बाब दिसते. त्या बराकीत कोण आहे, हे बाहेरच्या समाजाला ठाऊक होतं. गावागावांतून विचारणा होत होती. आतल्या माणसाकडे बाहेरून पाहणारे डोळे होते, म्हणून आतलं जगणं नोंदलं गेलं. आजच्या कच्च्या कैद्याला ते डोळे नाहीत. कायद्याने दिलेले डोळे मात्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांची पुनर्विलोकन समिती आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक तिच्यात बसतात. कारागृहाला भेट देऊन तक्रारी ऐकायला अभ्यागत मंडळ असतं, आणि त्यावर बिगरसरकारी माणसं नेमायची तरतूद आहे.

या समितीच्या कामाची ताकद मी पाहिली आहे. यादीतल्या एका नावापुढे 'जामीन मंजूर' असं लिहिलेलं होतं आणि तारीख जुनी होती. एका सदस्याने विचारलं, मग हा आत का आहे? जामीनदार नाही, असं उत्तर आलं. तिथेच ठरलं, अर्ज करा, अट शिथिल करून घ्या. आठवडाभरात तो माणूस वैयक्तिक जातमुचलक्यावर बाहेर होता. त्या एका प्रश्नाने जे झालं, ते त्याआधी महिनोन् महिने झालं नव्हतं.

मागायचं काय?

खान्देशात तुरुंगाची चर्चा निघाली की नवी इमारत बांधा, असं सगळे म्हणतात. इमारत हवीच. जुन्या बराकीत संडास वाढवायला हवेत, पाण्याच्या टाक्या हव्यात, डॉक्टर पूर्णवेळ हवा, कर्मचारी प्रत्यक्ष संख्येच्या हिशोबाने हवेत. पण आजच्या पद्धती तशाच ठेवल्या तर नवी इमारतही भरेल, कारण आत येण्याचा दरवाजा रोज उघडतो आणि बाहेर पडण्याचा कागद महिन्यांनी निघतो.

म्हणून माझी मागणी मोजता येईल अशी आहे. प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्याला तीन आकडे जाहीर करावेत : जामीन मंजूर होऊनही आत असलेले किती, पार्टी न मिळाल्याने किती तारखा बुडाल्या, आणि कलम ४७९ प्रमाणे सुटायला पात्र झालेले किती. हे तिन्ही आकडे कारागृहाच्या नि न्यायालयाच्या संगणकात असतात. ते वर्तमानपत्रात छापून आले तर आमदारांना विधानसभेत विचारता येईल. वनपट्टा हा राहण्याचा आणि मुळं रुजल्याचा पुरावा म्हणून जामिनासाठी ग्राह्य धरावा. पाड्यावर चार एकर कसणारा माणूस बायको-पोरं सोडून पळत नाही. जिथे तोही कागद नसेल तिथे वैयक्तिक जातमुचलका ही अपवादाची नाही, नेहमीची वाट व्हावी.

आणि एक मागणी वाचकांकडे. तुमच्या गावातला, तुमच्या शेतावर राबणारा, तुमच्या गल्लीतला कोणी आत असेल तर त्याच्या घरच्यांना १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक सांगा. वकील फुकट मिळतो, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. त्याला ओळखत असाल, तो तारखेला हजर राहील याची खात्री असेल आणि तुमच्या नावावर सातबारा असेल, तर त्याचे जामीनदार व्हा. जामीनदार होणं म्हणजे त्याच्या गुन्ह्याची बाजू घेणं नव्हे. न्यायालयाने त्याला दिलेलं स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोहोचवणं, इतकाच त्याचा अर्थ. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय त्याला झोपेचा नंबर लावावा लागू नये, हे आपण मान्य करत असू, तर त्यासाठी न्यायालयाच्या टेबलापर्यंत चालत जाणारी माणसं आपल्यातूनच निघायला हवीत.